जुळ्यांची फारकत

१. दुर्मिळ नाहीत, तर मग हे नाव का?

वर्तमानपत्रात 'रेअर अर्थ'ची बातमी आली की वाचक हमखास एक प्रश्न विचारतो. ही मूलद्रव्ये एवढी दुर्मिळ असतील, तर घरोघरच्या मोबाईलमध्ये, इअरफोनमध्ये आणि विजेवर चालणाऱ्या स्कूटरमध्ये ती पोचली कशी? प्रश्न रास्त आहे. मराठी विज्ञानलेखनात ज्यांना आपण विरल मृदा म्हणतो, त्या सतरा मूलद्रव्यांपैकी सिरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतके आहे. निओडिमियम शिशापेक्षा जास्त आहे. या कुटुंबातले थुलियम फारच थोडे मानले जाते, पण तेही चांदीपेक्षा जास्तच भरते. आता 'मृदा' या शब्दाचे पाहा. जे पाण्यात विरघळत नाही, कितीही तापवले तरी वितळत नाही आणि हातात घेतल्यावर मातीच्या भुकटीसारखे लागते, त्याला जुने रसायनतज्ज्ञ 'अर्थ' म्हणत. आजच्या भाषेत ही धातूंची ऑक्साइडे. अशी एक अनोळखी माती स्वीडनमधल्या इटर्बी गावच्या खाणीतल्या एका काळ्या, जड दगडात निघाली आणि १७९४ मध्ये योहान गाडोलिनने तिचे पृथक्करण केले. तेव्हा तसा दगड क्वचितच मिळे, म्हणून ती दुर्मिळ ठरली. पुढे तिची भावंडे ठिकठिकाणी सापडली, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

म्हणजे नाव सरळसरळ चुकीचे आहे असे वाटेल. माझ्या मते ते तितके चुकीचे नाही. या मूलद्रव्यांच्या बाबतीत दुर्मिळ काय, याचे उत्तर बदलावे लागते इतकेच. माती भरपूर आहे. त्या मातीतून एकच एक मूलद्रव्य निर्भेळ काढणे मात्र शंभर-सव्वाशे वर्षे जगातल्या मोजक्याच माणसांना जमले. तेव्हा इथे 'शोध लावणे' याचा अर्थ नवी वस्तू सापडणे असा न घेता एकजीव दिसणारी वस्तू वेगळी करणे असा घ्यावा लागतो. ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते ती व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या माणसाच्या आयुष्यात. त्याला कोणी मूलद्रव्यांचा संशोधक म्हणतो, कोणी दिव्यांचा कारखानदार. या दोन ओळखी वेगळ्या नव्हत्याच, असे मला दाखवायचे आहे.

२. ओसरीवरून घर कळत नाही

आधी एक गोष्ट समजून घेऊ: ही मूलद्रव्ये एकमेकांपासून सुटत का नाहीत? एखादा जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. बाहेरच्याशी देवघेव होते ती ओसरीवर. पाहुणा आला, वाणी आला, पोस्टमन आला, तरी त्याला ओसरीवर बसलेली माणसेच दिसतात. अणूचेही तसेच आहे. त्याचे रसायन, म्हणजे तो कोणाशी आणि कसा जोडला जाणार, हे मुख्यतः बाहेरच्या कक्षांतले इलेक्ट्रॉन ठरवतात. एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना एक इलेक्ट्रॉन वाढतो. बहुतेक ठिकाणी तो ओसरीवर येऊन बसतो, म्हणून शेजारशेजारची मूलद्रव्येही वागायला वेगळी. विरल मृदांमध्ये हा नवा माणूस आतल्या खोलीत जाऊन बसतो. ओसरीवर तेच तीन गृहस्थ, तेच बोलणे. आत सात माणसे आहेत की आठ, बाहेरून कळायला मार्ग नाही. फरक पडतो तो एवढाच, की अणुकेंद्राची ओढ वाढत गेल्यामुळे वाडा प्रत्येक वेळी किंचित आकसतो. वेगळे करण्यासाठी हाताशी असते ती एवढी एक बारीकशी फट.

आउअरच्या काळात यातले काहीच ठाऊक नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोधच १८९७ चा. एकूण विरल मृदा किती, दहा की पंचवीस, हेही सांगता येत नसे. स्वीडनच्या कार्ल मोसांडरने १८३९ मध्ये सिरियमच्या ऑक्साइडमधून लँथेनम काढले. दोनतीन वर्षांनी त्याच मिश्रणातून आणखी एक माती निघाली. ती लँथेनमला इतकी चिकटून होती की मोसांडरने तिला 'जुळे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून डिडिमियम म्हटले. पुढची चाळीस वर्षे डिडिमियम मूलद्रव्य म्हणून नांदले. मेंडेलीव्हच्या आवर्त सारणीतही 'डीआय' अशी त्याची खूण आहे. आजच्या सारणीत ती शोधाल तर सापडणार नाही.

३. छापखान्याच्या संचालकाचा मुलगा

कार्ल आउअरचा जन्म १ सप्टेंबर १८५८ चा, व्हिएन्नातला. वडील आलोइस आउअर शाही सरकारी छापखान्याचे संचालक होते. झाडाचे पान शिशाच्या पत्र्यावर दाबून त्याच्या शिरानशिरांसकट ठसा छापण्याच्या तंत्रासाठी त्यांचे नाव झाले. सम्राटाने त्यांना 'फॉन वेल्सबाख' हा किताब दिला होता. मुलगा १८८० मध्ये हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेनकडे गेला. शाळेच्या प्रयोगशाळेतला बर्नर ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच हे बुन्सेन. त्यांनी किर्खहोफबरोबर १८६० च्या सुमारास वर्णपटदर्शक वापरात आणला होता. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशात ठरावीक रेषा असतात, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या. ज्यांना रसायनाने ओळखता येत नाही त्यांना या रेषांनी ओळखता येते. विरल मृदांसारख्या एका साच्यातल्या भावंडांसाठी याहून चांगले साधन नव्हते. १८८२ मध्ये डॉक्टरेट घेऊन आउअर व्हिएन्नाला परतला आणि आडोल्फ लीबेन यांच्या प्रयोगशाळेत बिनपगारी काम करू लागला. हे परवडायला घरची स्थिती बरी असावी लागते, हेही नोंदवून ठेवायला हवे.

४. खडीसाखरेचा हिशेब

डिडिमियमबद्दल संशय आउअरच्या आधीच सुरू झाले होते. १८७९ मध्ये फ्रान्सच्या ल्कॉक द ब्वाबोद्रां यांनी त्यातून समेरियम बाहेर काढले. उरलेलेही एकच नसावे, असे प्रागच्या बोहुस्लाव ब्राउनर यांना वाटत होते. संशय घेणे एक, आणि फारकत करून दाखवणे दुसरे. आउअरने त्यासाठी वापरलेली पद्धत तत्त्वतः आपल्या खडीसाखरेची आहे. साखरेचा दाट पाक संथपणे निवू दिला की दोऱ्यावर खडे धरतात आणि बाकीचा पाक तसाच उरतो. समजा पाकात दोन प्रकारच्या साखरा आहेत आणि त्यातली एक खडे धरायला किंचित जास्त उत्सुक आहे. मग खड्यांत तिचे प्रमाण थोडे वाढेल आणि उरलेल्या पाकात दुसरीचे. खडे काढा, पुन्हा विरघळवा, पुन्हा निववा. दर फेरीला उरलेला द्राव टाकून द्यायचा नाही, तो मागच्या भांड्यात मिसळायचा. आउअरच्या भांड्यात साखरेच्या जागी अमोनियम नायट्रेटबरोबर बनवलेले विरल मृदांचे दुहेरी क्षार होते. नेमका हा क्षार निवडणे, हीच त्याची खरी करामत. वाडा किंचित आकसण्याची ती फट या क्षारात जरा जास्त उघडते.

किती फेऱ्या लागतील? हिशेबापुरते धरू, की सुरुवातीला दोन्ही जुळे निम्मेनिम्मे आहेत आणि दर फेरीला खड्यांत पहिल्याचे दुसऱ्याशी असलेले प्रमाण १.२ पट होते. पहिल्या फेरीनंतर पहिला जुळा ५० चा ५४.५ टक्के होतो. एवढ्याने कोणाला काय दिसणार? पाच फेऱ्यांनंतर ७१, दहानंतर ८६, वीसनंतर ९७.५ टक्के. तिसाव्या फेरीला कुठे ९९.६ च्या जवळ पोचतो. प्रत्येक फेरीला रात्रभर निववणे धरले तर महिना गेला. आणि हे झाले दोनच घटक धरून, तेही सोयीचा आकडा घेऊन. प्रत्यक्षात फट अरुंद असली की आकडे चढतात. अमेरिकेतल्या चार्ल्स जेम्स यांनी शुद्ध थुलियम मिळवण्यासाठी पुढे सुमारे पंधरा हजार वेळा खडे धरवले.

१८ जून १८८५ रोजी आउअरने व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीपुढे निष्कर्ष ठेवला. डिडिमियमचे दोन तुकडे झाले होते, आणि ते नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसत होते. एका बाजूच्या बाटलीतले क्षार पातीच्या कांद्यासारखे हिरवे, दुसऱ्या बाजूचे गुलाबी-जांभळे. डिडिमियमचा जो मूळचा रंग लोक चाळीस वर्षे पाहत होते, तो या दोघांच्या भांडणात वरचढ ठरलेल्या गुलाबीचा होता. हिरव्याला त्याने 'हिरवा जुळा' आणि दुसऱ्याला 'नवा जुळा' अशी ग्रीक नावे दिली. पुढे ती आखडून प्रासिओडिमियम आणि निओडिमियम झाली.

इथे एक आक्षेप येतो. ही तर हमाली झाली. पुन्हापुन्हा विरघळवायचे आणि निववायचे, यात प्रतिभा कुठे आहे? आक्षेपात थोडे तथ्य आहे, पण आंधळ्या हमालीने हे काम होत नाही. थांबायचे कधी, हे कळावे लागते. फेऱ्या चालू असताना वर्णपटातल्या काळ्या पट्ट्यांपैकी काही गडद होत जातात आणि काही फिक्या. ज्या एकत्र गडद होतात त्या एकाच मूलद्रव्याच्या, आणि ज्या उलट दिशेने जातात त्या दुसऱ्याच्या. म्हणजे प्रत्येक फेरी हा मिश्रणाला विचारलेला एक प्रश्न असतो. सुपात धान्य पाखडणाऱ्या बाईचा हातही यंत्रासारखा चालतो, पण तिची नजर दाण्यांवर असते.

५. दोऱ्याची राख

आता दिव्याकडे येऊ. विरल मृदांचे वर्णपट पाहताना आउअर त्यांचे क्षार ज्योतीत धरत असे. तारेच्या टोकावर मावणारा कण फारच लहान, म्हणून त्याने सुती धागा क्षाराच्या द्रावात बुडवून ज्योतीत धरला. सूत जळून गेले. मागे ऑक्साइडचा, धाग्याच्याच विणीचा सांगाडा राहिला आणि तो लख्ख पेटून उठला. म्हणजे जे साधन मूलद्रव्य ओळखण्यासाठी वापरायचे, त्यातूनच दिवा निघाला. १८८५ मध्येच त्याने पेटंट घेतले. गॅसच्या ज्योतीवर सुती जाळीची टोपी, मॅग्नेशियम, लँथेनम आणि इट्रियमच्या क्षारांत भिजवलेली. व्हिएन्नाजवळच्या आट्सगर्सडॉर्फला कारखानाही निघाला. पण उजेड हिरवट पडे, माणसांचे चेहरे आजारी दिसत, आणि टोपी जरा धक्का लागला की गळून पडे. १८८९ मध्ये कारखाना काही काळ बंद करावा लागला.

याच्यापुढचा भाग मला त्याच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थोरियमचे ऑक्साइड वापरले तर टोपी मजबूत होते आणि उजेडही चांगला पडतो, हे त्याला दिसले होते. थोरियम अधिक शुद्ध केले तर उजेड आणखी वाढेल, अशी कोणाचीही अपेक्षा असते. घडले उलटे. जितके शुद्ध, तितके मंद. दुसरा एखादा कारखानदार अशुद्ध माल चांगला म्हणून तोच विकत बसला असता. आउअर आणि त्याचा सहकारी लुडविग हायटिंगर यांनी विचारले, की शुद्ध करताना बाहेर गेले ते काय? ते होते सिरियम. मग त्यांनी मोजून मिसळून पाहिले. ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइड हे प्रमाण उत्तम ठरले. यामागचे कारण असे, की थोरियमचे ऑक्साइड उष्णता बाहेर टाकायला फारच कंजूष आहे, त्यामुळे ज्योतीत ते अतिशय तापते, पण उजेडही देत नाही. त्यातले थोडेसे सिरियम दिसणारा प्रकाश उधळते. सिरियम वाढवले तर उष्णताही निसटू लागते, टोपी निवते आणि उजेड पुन्हा उतरतो. भाजीत मीठ चिमूटभरच हवे, पण ते किती हे आधी अळणी भाजी करता आली तरच कळते. ४ नोव्हेंबर १८९१ रोजी व्हिएन्नाच्या ऑपेराजवळच्या कॅफेबाहेर हा दिवा लागला, आणि विजेच्या दिव्यापुढे हातपाय गाळून बसलेल्या गॅस कंपन्यांना पुढची काही दशके जीवदान मिळाले.

ज्यांनी लग्नाच्या वरातीत किंवा गावच्या तमाशात गॅसबत्त्या पाहिल्या आहेत, त्यांना ही टोपी परकी नाही. पेट्रोमॅक्सचे मॅन्टल ते हेच. रॉकेलची वाफ दाबाखाली जळते आणि तापते ती आउअरची जाळी. नवे मॅन्टल रेशमी पिशवीसारखे मऊ असते. बांधून एकदा जाळले की कापड जाते आणि उरते ती पांढरी, फुंकरीने भुगा होणारी राख. एखादा पतंग काचेच्या आत शिरून आपटला तरी तिला भोक पडते. त्या राखेच्या सांगाड्यावर महाराष्ट्रातल्या कितीतरी रात्री उजळल्या आहेत.

कोणी म्हणेल, यात विरल मृदा एकच टक्का. थोरियम त्या कुटुंबातले नव्हेच. मग विरल मृदांच्या संशोधनातून दिवा निघाला, हे म्हणणे ओढूनताणून नाही का? नाही, कारण तो एक टक्का दिसायला आधी त्याच्याशिवायचे थोरियम बनवता यावे लागते. आणि जुळ्यांची फारकत करताना बसलेली सवय नसती तर ते बनवण्याच्या फंदात कोण पडले असते?

६. ढिगाऱ्यातला खडा

थोरियम येई मोनाझाइट नावाच्या वाळूतून. पहिल्यांदा ती अमेरिकेतल्या कॅरोलायना भागातून आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावरून आणली जाई. १९०९ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ शॉम्बर्ग यांना त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसले, आणि तिथल्या मनवलकुरिचीचा समुद्रकिनारा युरोपातल्या दिव्यांच्या धंद्याशी जोडला गेला. पण या वाळूत थोरियम थोडे आणि विरल मृदा निम्म्याहून जास्त. थोरियम काढून घेतल्यावर कारखान्यामागे सिरियम-लँथेनमचे ढीग साचत. आउअरने १९०३ मध्ये त्यांना वाट काढून दिली. ढिगातल्या धातूंचे मिश्रण, त्यात सुमारे ३० टक्के लोखंड घातले, की असा मिश्रधातू तयार होतो जो घासला तर ठिणग्या सोडतो. सिगरेटच्या लायटरमधला तो इवलासा 'दगड' दगड नव्हेच, तो हा मिश्रधातू आहे. त्याच्या उत्पादनासाठी काढलेली ट्रायबाखची कंपनी ऑस्ट्रियात आजही चालू आहे.

यावरून त्याला धंदेवाईक ठरवणारे भेटतात. विजेच्या दिव्यासाठी ऑस्मियमची तार, मॅन्टल, लायटर, पेटंटे, शेवटी बॅरनपद. संशोधकाला एवढा पैसा शोभतो का, असा त्यामागचा सूर. या सुरात जे विसरले जाते ते असे: फारकतीला कच्चा माल लागतो, आणि तो ग्रॅमात भागत नाही. हजार फेऱ्यांच्या शेवटी चिमूटभर शुद्ध माल हवा असेल तर सुरुवात पिंपांनी करावी लागते. एवढी पिंपे भरण्याची ऐपत विद्यापीठांत नव्हती. कारखान्यात ती भरलेलीच होती. व्हिएन्नाच्या अकादमीला १९०४ नंतर रेडियम हवे झाले, तेव्हा योआखिमस्टालच्या खनिजाचा सुमारे दहा टन गाळ आट्सगर्सडॉर्फलाच उपसला गेला आणि हाती तीनचार ग्रॅम रेडियमचा क्षार आला. पद्धत तीच, खडे धरवण्याची.

७. हातचे गेलेले नाव

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने इटर्बियम या विरल मृदेवर हात टाकला आणि तेही दोन निघाले. एकाला त्याने अल्डेबरानियम म्हटले, दुसऱ्याला कॅसिओपियम. नावे ताऱ्यांवरून, आकाशातून उचललेली. पण पॅरिसच्या जॉर्ज उर्बेन यांनी १९०७ च्या नोव्हेंबरात तीच फारकत आधी जाहीर केली. आउअरचे आकडे आणि नावे महिनाभराने आली, जरी इटर्बियम एकसंध नसल्याचे तो दोन वर्षे सांगत होता. १९०९ मध्ये अणुभारांच्या आंतरराष्ट्रीय समितीने उर्बेनच्या बाजूने कौल दिला. चार जणांच्या त्या समितीत उर्बेन स्वतः होते. आज सारणीत कॅसिओपियमऐवजी उर्बेन यांचे ल्युटेशियम हे नाव आहे ते त्यामुळे. जर्मन रसायनतज्ज्ञ मात्र शतकाच्या मध्यापर्यंत हट्टाने कॅसिओपियम लिहीत राहिले.

तारखेवर न्याय करायचा तर उर्बेन जिंकले, त्यात वाद नाही. पण वर म्हटल्याप्रमाणे इथे शोध म्हणजे वेगळे करणे असेल, तर किती वेगळे केले हाही पुरावाच धरला पाहिजे. हाफ्नियम हे मूलद्रव्य कोणी शोधले, या वादाच्या निमित्ताने १९२० च्या दशकात कोपनहेगनच्या संशोधकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा आउअरचे नमुने अधिक शुद्ध असल्याचे त्यांचे मत पडले. समितीने पाहिली ती अकादमीतली तारीख. बाटलीतल्या क्षाराला मत नव्हते.

८. पुन्हा एकत्र

आउअर १९२९ मध्ये केर्न्टनमधल्या आपल्या वाड्यात वारला. तेव्हा निओडिमियमला फारसे काम नव्हते. काचेला रंग देणे, काच फुंकणाऱ्यांच्या चष्म्यात सोडियमचा पिवळा झगझगाट गाळणे, इतकेच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचे चुंबक तयार झाले, आणि 'नवा जुळा' जगातल्या प्रत्येक खिशात गेला. माती अजूनही भरपूरच आहे. तरी चीनने २०२३ च्या डिसेंबरात जी गोष्ट देशाबाहेर जाऊ द्यायची नाही असे ठरवले, ती होती विरल मृदा काढण्याची आणि एकमेकींपासून वेगळ्या करण्याची तंत्रे.

आणि एक गंमत. चुंबकांच्या बाजारात आज सर्वांत जास्त विकला जाणारा माल शुद्ध निओडिमियम नाही. तो आहे साधारण तीन भाग निओडिमियम आणि एक भाग प्रासिओडिमियम यांचे न सोडवलेले ऑक्साइड. हिरवा जुळा थोडा राहिला तरी चुंबकाचे बिघडत नाही, आणि फारकतीचा खर्च वाचतो. म्हणजे १८८५ चे कष्ट वाया गेले, असे कोणी म्हणेल. पण प्रासिओडिमियम राहिले तर चालते, हे समजायला ते आधी वेगळे काढून त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय चुंबक करून पाहावे लागले. व्यापारी या मिश्रणाला काही ठिकाणी अजून एक जुनेच नाव वापरतात: डिडिमियम.